जंगलात माउंटन बाइकची वाट बांधताना: पाणी, उतार आणि कुदळ

सायकलची चाकं माती मोकळी करतात आणि पाणी ती वाहून नेतं. जंगलातल्या वाटा बहुतेक अशाच बिघडतात. चाकं थांबवता येत नाहीत, वाट त्यांच्यासाठीच आहे. मग हातात उरतं ते पाणी. म्हणून सार्वजनिक जंगलात माउंटन बाइकसाठी वाटा बांधणारे जाणते स्वयंसेवक वळणं आणि उड्यांचा विचार करण्याआधी बघतात, की इथे पडलेला पाऊस कुठून येणार आणि कुठे जाणार.

वाटेवर आलेल्या पाण्याचं दोनपैकी एक होतं. एक तर ते वाट आडवी ओलांडून खालच्या पाचोळ्यात मुरतं. तेव्हा त्याचा थर पातळ असतो, वेग नसतो, माती उचलायची ताकद नसते. नाही तर ते वाटेवरूनच खाली धावतं. मग दर मीटरला त्यात नवं पाणी मिसळतं, वेग वाढतो, आधी चाकाच्या रुंदीची चरी पडते, तिचा ओघळ होतो आणि ओघळाची घळ. घळीत सायकल घालणं कोणालाच नको असतं, लोक कडेने जायला लागतात, कडेचं गवत मरतं, आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता चार मीटरचा उघडा पट्टा होऊन बसते. पाणी आडवं काढून देणं हेच या कामाचं मुख्य कसब.

कुदळ उचलण्याआधी

सार्वजनिक जंगल सगळ्यांचं असलं तरी त्याची जबाबदारी कोणत्या तरी खात्याकडे असते, आणि त्या खात्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत तिथे एक फांदीही कापायची नसते. परवानगीत वाटेचा नकाशा हवा. वाटेवर फक्त सायकली की पायी चालणारेही, जाणं-येणं दोन्हीकडून की एकाच दिशेने, देखभाल कोण करणार, स्वयंसेवकांचा विमा कोणाच्या नावावर, कोणत्या महिन्यांत काम बंद ठेवायचं आणि वाट बंद करण्याचा अधिकार कोणाकडे, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं हवं. याला महिने लागतात. अनेक उत्साही गट इथेच कंटाळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण या वेळात मिळणारी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. शिकारी पक्ष्यांची घरटी कोणत्या कड्यावर आहेत, पावसाळी झरे कुठे फुटतात, दुर्मीळ झाडोरा कुठे आहे, पुढच्या पाच वर्षांत कोणत्या भागात लाकूडतोड होणार आहे, हे जंगल सांभाळणाऱ्यांनाच ठाऊक असतं. तोडीच्या पट्ट्यातून काढलेली सुंदर वाट एका दुपारी यंत्रांच्या पट्ट्यांखाली जाते.

विनापरवाना वाटांचा त्रास फक्त कायद्याचा नसतो. संध्याकाळी दाताळं घेऊन एकटा माणूस वाट काढतो तेव्हा तो सगळ्यात कमी खोदाईची दिशा निवडतो, म्हणजे सरळ उताराखाली. पाणीही तीच दिशा निवडतं. अशी वाट लवकरच घळ होते, आणि ती बुजवताना त्या जंगलातल्या रीतसर वाटांवरचा विश्वासही खचतो.

टक्क्यांचं गणित

इथे दोन उतार लक्षात ठेवायचे. एक डोंगराचा, म्हणजे बाजूचा उतार. पाण्याचा लोटा ओतला तर पाणी ज्या दिशेने जाईल त्या दिशेने तो मोजतात. दुसरा वाटेचा, म्हणजे सायकल ज्या दिशेने जाणार त्या दिशेचा. दोन्ही टक्क्यांत मोजतात: आडवं 100 मीटर गेल्यावर 10 मीटर चढलो तर 10 टक्के.

पहिला नियम अर्ध्याचा. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको. डोंगर 20 टक्क्यांचा असेल तर वाट जास्तीत जास्त 10 टक्के. त्याच डोंगरावर वाट 14 टक्क्यांनी काढली, तर पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेवरूनच जाणं सोपं पडतं आणि कडेला कितीही चर खणले तरी ते पुन्हा पुन्हा वाटेवर येतं. आश्चर्य वाटेल, पण या नियमात सगळ्यात जास्त फसवते ती जवळपास सपाट जमीन. 6 टक्क्यांच्या माळावर वाटेला 3 टक्क्यांचीच मुभा आहे, आणि तिथे पाणी कुठेच जात नाही, साचून चिखल होतो. नवशिक्यांना सपाट जमीन सोपी वाटते. अनुभवी माणूस मध्यम उताराची कूस शोधतो.

दुसरा नियम सरासरीचा. पूर्ण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आत ठेवावी. 60 मीटर उंची चढायची असेल तर वाटेची लांबी किमान 600 मीटर हवी. 8 टक्क्यांची सरासरी धरली तर 750 मीटर. मधले छोटे टप्पे 15 टक्क्यांपर्यंत चालतात, तेही माती घट्ट किंवा खडकाळ असेल तरच. भुसभुशीत वाळूच्या जमिनीत 7-8 टक्क्यांवरच माती सुटायला लागते.

तिसरी गोष्ट चढ-पालट, आणि सगळ्यात जास्त जीव हिच्यावर लावावा. उतरणारी वाट मध्येच तीन ते पाच मीटर हलकेच चढते आणि पुन्हा उतरते. त्या खोलगट जागी, चढ सुरू होण्याआधी, वाटेवर जमलेलं सगळं पाणी खालच्या बाजूने बाहेर पडतं. धूप होणाऱ्या मातीत दर 6 ते 15 मीटरला अशी पालट असावी. सायकलस्वाराला ती लाटेसारखी सुखद वाटते, आणि वाटेपुरतं बोलायचं तर तेवढ्या तुकड्याचं पाणी तिथेच संपतं. चढ-पालट आखणीतच असली तर फुकट मिळते. ती नंतर खोदून करायची म्हणजे तीन-चार मीटर लांबीचा खळगा आणि त्यातून निघालेल्या मातीचा उंचवटा घट्ट ठोकत बसणं, आणि तरीही मूळच्या पालटीची सर येत नाही. वाटेवर आडवे ओंडके टाकून पाणी वळवण्याची जुनी पद्धत सायकलच्या वाटेवर टाळावी. ओल्या ओंडक्यावर चाक घसरतं, ओंडक्यामागे गाळ साचतो आणि एक-दोन पावसांत पाणी वरून किंवा बाजूने निघून जातं.

रेघ आखणं

उतार नजरेने मोजता येत नाही. डोळा सवयीने फसतो, आणि थकलेल्या पायांना 8 टक्के 12 वाटतात. यासाठी क्लिनोमीटर वापरतात, मुठीत मावणारं उतार मोजायचं यंत्र. एका डोळ्याने आतली पट्टी बघायची, दुसरा डोळा उघडा ठेवून समोरचा माणूस बघायचा. आतली रेघ समोरच्यावर टेकली की आकडा वाचायचा. बहुतेक यंत्रांत अंशांची आणि टक्क्यांची अशा दोन पट्ट्या असतात आणि गोंधळ इथेच होतो: 10 अंश म्हणजे जवळपास 18 टक्के. वाचायची ती टक्क्यांचीच पट्टी. शिवाय दोघांची उंची सारखी नसते, म्हणून सुरुवात नेहमी सपाट जागेवर करावी. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, शून्यावर रेघ धरायची आणि ती जोडीदाराच्या हनुवटीवर पडते की कपाळावर ते लक्षात ठेवायचं. दिवसभर त्याच खुणेवर नेम धरायचा.

आखणीआधी नकाशावर दोन प्रकारच्या जागा टिपतात: जिथे वाट गेलीच पाहिजे (सोयीचा खिंडीचा भाग, ओढा ओलांडायची पक्की जागा, सुरेख खडक) आणि जिथे ती जाता कामा नये (दलदल, घरट्यांचा परिसर, मोठ्या झाडांच्या मुळांची गर्दी, दुसऱ्याची हद्द). मग या जागा जोडणारी रेघ उताराच्या नियमांत बसवत फिती बांधत जातात, आणि मान्य झाल्यावर दर दोन-तीन मीटरला छोट्या तारेचे झेंडे रोवतात. झेंडा म्हणजे वाटेचा मध्य की खालची कड, हे कामाच्या दिवशी प्रत्येकाला सांगायचं. अर्ध्या लोकांनी मध्य समजला आणि अर्ध्यांनी कड, तर 90 सेंटिमीटर रुंदीची वाट दोन तुकड्यांच्या सांध्यावर 45 सेंटिमीटर सरकते आणि तिथे कायमचा वाकडा झटका राहतो. आखलेली रेघ दोन्ही दिशांनी चालून बघावी, आणि जमेल तर भर पावसातही.

वेगाचाही विचार इथेच. लांब सरळ उतारानंतर अचानक आखूड वळण आलं की सगळे एकाच ठिकाणी ब्रेक दाबतात. चाकं घसरत थांबतात, माती ढकलली जाते, आणि काही आठवड्यांत पत्र्यासारख्या लाटा उठतात. त्या बुजवून उपयोग नसतो, पुन्हा उठतात. वळणाआधी छोटा चढ दिला किंवा वळणं हळूहळू आखूड करत नेली, की ब्रेक न लावता वेग उतरतो.

खोदाई

आता प्रत्यक्ष काम. आधी पट्टा मोकळा करायचा: सायकलचं हँडल जवळपास 80 सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे दीड ते दोन मीटर रुंदी आणि अडीच मीटर उंची मोकळी हवी. फांदी खोडाजवळच्या गाठीपाशी स्वच्छ कापावी, खुंट ठेवू नये, कारण पडलेल्या माणसाच्या अंगात खुंटच घुसतो. मग पाचोळा आणि काळी सेंद्रिय माती खरवडून बाजूला काढायची, खालची खरी खनिज माती दिसेपर्यंत. हा काळा थर वाटेखाली ठेवला तर तो स्पंजासारखा पाणी धरतो, कुजतो आणि खचतो. फेकू मात्र नका, शेवटी उघड्या पडलेल्या कडांवर तोच पसरायचा असतो.

यानंतर डोंगराच्या कुशीत पूर्ण खाच. म्हणजे वाटेची सगळी रुंदी मूळच्या, न हललेल्या जमिनीत कोरायची. अर्धी खाच आणि अर्धा भराव केला तर मेहनत वाचते असं वाटतं. पण सैल भरावाची बाहेरची बाजू वर्षभरात खाली बसते आणि वाट बाहेरच्या कडेला ढासळते.

किती माती निघते? 50 टक्के उताराच्या डोंगरावर 90 सेंटिमीटर रुंद वाट धरू. आतल्या कडेला सुमारे 40 सेंटिमीटर खोल कापावं लागतं. म्हणजे दर मीटर लांबीला 0.18 घनमीटर माती, दहा मीटरला 1.8 घनमीटर. 10 लिटरची घमेली धरली तर 180 घमेली, आणि मोकळी झालेली माती फुगते ती वेगळीच. वरच्या बाजूची कापलेली भिंत तिरकी करताना निघणारी मातीही यात धरलेली नाही. हाताने काम करणारा गट दिवसाला इतकी थोडी लांबी का पुरी करतो, ते या हिशेबावरून कळावं.

निघालेली माती उताराखाली लांब, पातळ पसरवायची. तिचा कडेला बांध केला तर तो पाण्याला अडवून वाटेवरच ठेवतो. नवख्या गटांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, कारण असा बांध दिसायला नीटनेटका आणि सुरक्षित वाटतो.

शेवटी वाटेच्या पृष्ठभागाला बाहेरच्या बाजूला साधारण 5 टक्के कल द्यायचा. 90 सेंटिमीटरला साडेचार सेंटिमीटर, म्हणजे पायाखाली जेमतेम जाणवेल इतका. वरची कापलेली भिंतही उभी ठेवायची नाही. उभी भिंत पावसात वाटेवर कोसळते, आणि हँडल तिला अडकेल या भीतीने लोक बाहेरच्या कडेने चालवतात, त्याने कड लवकर मोडते. ती मागे झुकवून आजूबाजूच्या उतारात मिसळून टाकायची.

हा कल तपासायला मॅक्लाउड नावाचं अवजार फार कामाचं आहे: एका बाजूला रुंद पातं, दुसऱ्या बाजूला जाड दाते. तयार वाटेवर ते पात्याच्या तळावर उभं करायचं. दांडा उताराच्या बाजूला किंचित झुकला तर कल बरोबर आहे. दांडा डोंगराकडे झुकला तर तिथे पाणी साचणार, पुन्हा खरवडा. मातीची ढेकळं फोडणं, सपाट करणं आणि ठोकून दाबणं ही तिन्ही कामं याच अवजाराने होतात. मुळं आणि घट्ट जमीन यांच्यासाठी पुलास्की: एका बाजूला कुऱ्हाड, दुसरीकडे आडवं कुदळीचं पातं. 1910 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वणव्यात आपल्या तुकडीतल्या बहुतेकांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वन कर्मचाऱ्याचं नाव त्या अवजाराला मिळालं आहे. ही दोन नसतील तर टिकाव, रुंद पात्याची कुदळ आणि मजबूत दाताळं यांवरही काम होतं.

माती दाबण्यासाठी ओल नेमकी हवी. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर उत्तम. भुकटी झाली तर माती कोरडी आहे, ठोकूनही बसणार नाही. हाताला चिकटली तर त्या दिवशी दाबायचं काम सोडून दगड आणा.

वळणं आणि दगड

मंद उतारावर, 10 टक्क्यांच्या आसपास, चढतं मोठं वळण चालतं. त्याची त्रिज्या निदान पाच-सहा मीटर हवी. याहून तीव्र उतारावर असं वळण केलं तर वळणाच्या मध्यावर वाट सरळ उताराखाली जाते आणि अर्ध्याचा नियम नेमका तिथेच मोडतो. तिथे पायरीवळण लागतं: वळायला जवळपास सपाट चौथरा, खाली दगडी गडग्याचा आधार. वळणाच्या वरची वाट डोंगराकडे कललेली, पाणी चौथऱ्याच्या मागच्या बाजूने बाहेर, आणि वळणाखालची वाट पुन्हा बाहेर कललेली. सगळ्यात मेहनतीचं बांधकाम हेच, म्हणून आखणी करताना पायरीवळणं कमीत कमी ठेवावीत. दोन बाजू एकमेकींना दिसत असतील तर लोक आडवाट मारणारच. मध्ये मोठे दगड किंवा दाट झुडूप हवं.

उंच बाहेरकडेचं कललेलं वळण, ज्याला सगळे बर्म म्हणतात, चालवायला मजा देतं पण मुळात ती एक वाटी आहे. पाणी आतल्या बाजूला जमतं. म्हणून वळणाच्या आधी चढ-पालट आणि वळणातून बाहेर पडताना निचरा, हे दोन्ही हवेतच.

गडगा रचताना प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे. उभे सांधे एकाखाली एक आले तर भिंत तिथेच फाटते. सगळ्यात मोठे दगड तळाला, खणलेल्या पायात. भिंत डोंगराकडे झुकलेली, दर चार मीटर उंचीला साधारण एक मीटर इतक्या प्रमाणात. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाते, दर्शनी बाजूला नाही. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून दगड लांबीत लावण्याचा मोह होतो आणि असा दगड पहिला निसटतो.

ओल्या किंवा तीव्र तुकड्यात फरसबंदी करतात. त्यात लांबट दगड कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे, एकमेकांना खेटून गाडतात. दगडाचा बहुतेक भाग जमिनीत असतो आणि वर फक्त कड दिसते. पहिल्या आणि शेवटच्या ओळीला सगळ्यात जड दगड, कारण चाकाचा धक्का तिथे बसतो. दगडावर उभं राहून उडी मारायची. हलला तर काढा, पुन्हा बसवा. मोठे दगड पहारीने ढकलताना खालच्या बाजूला कोणी नसावं.

लाकडी पूल आणि फळ्यांबद्दल थोडक्यात: जमिनीला लागलेलं लाकूड कुजतं, ओलं लाकूड घसरतं, आणि जिवंत झाडाला खिळा कधीच मारायचा नाही. शक्य तिथे दगडच वापरावा.

माणसं

दहा जणांच्या गटाला तीन मॅक्लाउड किंवा कुदळी, तीन पुलास्की किंवा टिकाव, दोन दाताळी, एक पहार, एक घडीची करवत आणि चार-पाच घमेली पुरतात. अवजार चालवणाऱ्या दोघांत तीन मीटर अंतर. चालताना अवजार उताराकडच्या हातात, पातं खाली, खांद्यावर कधीच नाही. पाय घसरला तर ते उताराकडे टाकून देता येतं. वर लटकलेल्या सुक्या फांद्या आधी बघायच्या, आणि यंत्राची करवत फक्त प्रशिक्षित माणसाच्या हाती. दर सहा-आठ जणांमागे एक जाणता माणूस, जो स्वतः कमी खणतो आणि कल तपासत फिरतो. हे पाळायला कठीण जातं, कारण चांगल्या माणसाला उभं राहणं जमत नाही. पण तपासणी नसली की चुकीच्या कलाची वीस मीटर वाट तयार होते.

बूट आणि अवजारांवरची माती जंगलात शिरण्याआधी धुवावी. न्यूझीलंडमधली कौरीची झाडं मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने मरतात आणि तो बुटांच्या चिखलातून पुढे जातो, म्हणून तिथल्या जंगलांत बूट स्वच्छ करण्याची ठाणी आहेत.

वाट खुली करण्याआधी अवघडपणाची पाटी लागते. उत्तर अमेरिकेत हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल येतो, त्यामुळे दुसऱ्या देशातला पाहुणा निळ्यानंतर थेट काळ्यावर गेला तर त्याला अंदाज नसतो. पाटी सगळ्यात अवघड तुकड्याप्रमाणे लावायची, सरासरीप्रमाणे नाही.

नवी वाट लगेच खुली करू नये. एक-दोन पाऊस पडू द्यावेत, माती बसू द्यावी. मग पाऊस चालू असतानाच हातात एक कुदळ घेऊन वाटेवरून चालत जायचं. जिथे पाणी वाटेवरून धावताना दिसेल तिथे खालच्या कडेला तीनेक मीटर लांबीचा अर्धगोल तुकडा खरवडून 15 टक्क्यांपर्यंत बाहेर कलता करायचा. पाणी लगेच वळतं. पुढच्या काळात वर्षातून दोनदा हीच फेरी करायची, कारण चाकांनी वाटेचा मध्य दबत जातो, कडेला मातीची बारीक वरंबी उठते आणि कल हळूहळू नाहीसा होतो. ती वरंबी काढायची, चढ-पालटींच्या खळग्यांतला गाळ उपसायचा, सुटलेला दगड पुन्हा बसवायचा. हे काम कोणाकडे आहे ते परवानगीच्या कागदावर नावानिशी लिहिलेलं असलं, तर पुढच्या पावसाआधी ते होतं.